ओक्सू हमामात परत जाण्यासाठी

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज लेकीला न सांगता मोठ्या इस्पितळात जाऊन आले. डॉक्टरचं नाव नाम. अगदीच पोरगेला, मिशीसुद्धा नीट फुटलेली नाही. त्याने विचारलं, "आजी, या वयात नवी छाती कशासाठी हवी?" मी म्हटलं, "हमामात जायचंय." त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने तेच ओरडून विचारलं. मीही तेच ओरडून सांगितलं. माझे कान जहाजांनी खाल्ले. उमेदीची सगळी वर्षं गोदीत फळीवर लोंबकळत जहाजांच्या पोटावर हातोडी मारली, गंज काढला, त्याचं हे बक्षीस. आमचं ओरडणं बाहेरच्या बाकापर्यंत गेलं असणार, कारण दार उघडलं तर सगळ्या बायका माझ्या छातीकडे बघत होत्या. बघा बाई. डावीकडे काही नाहीच, बघायला काय जातं!

तीन वर्षांपूर्वी तिथे गाठ निघाली. गाठीबरोबर सगळंच काढलं, वर किरणं दिली. कातडी करपलेल्या भाताच्या खरवडीसारखी झाली. जीव वाचला, तक्रार नाही. पण तेव्हापासून ओक्सू हमामाची पायरी चढले नाही. सगळ्या वस्तीपुढे असं एका बाजूने सपाट, नागवं उभं राहणं माझ्याच्याने होत नाही. त्या गल्लीनेसुद्धा जात नाही. दारात बायका केस वाळवत बसलेल्या असतात, "आत ये की" म्हणतील. टेकडीच्या मागच्या बाजूने बस पकडते.

घरी बादलीभर पाणी अंगावर घेते, पण ते म्हणजे भांडं विसळल्यासारखं. पाठीच्या मधोमध तळहाताएवढी जागा असते, तिथे आपला हात काही केल्या पोचत नाही. आमच्या बुसानच्या हमामांत पाठ घासायचं यंत्र असतं, बटण दाबलं की गरगर फिरतं. पण बुनीने आणि मी त्याला कधी पाठ दिली नाही. आम्ही दोघी एका फळीवर लोंबकळायचो. शनिवारी काम सुटलं की थेट ओक्सू. ती माझी पाठ घासायची, मी तिची. पाणी गंजाने लाल व्हायचं आणि मालकीण आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

डॉक्टर म्हणाला, घाई करू नका, विचार करून या. नर्स म्हणाली, मनात येईल ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. चौथीपर्यंत शाळा, नीट लिहायला शिकले ती लेकीच्या मागे बसून, तिच्या पुस्तकांतून. चुकांना हसणारं इथे कुणी नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

बुनी हमामातून थेट माझ्याकडे आली. दर शनिवारी येते. हातात प्लास्टिकची टोपली, तीत साबण, टॉवेल, अंग घासायचा हिरवा खरखरीत पंजा आणि माझ्यासाठी केळ्याच्या दुधाची बाटली.

"पाणी कसं होतं गं?"

"उकळतं! कोंबडी टाकली असती तर पिसं आपोआप निघाली असती. अंग घासणारी चोई विचारत होती, माल्सून मेली की काय. मी म्हटलं, मेली असती तर तुझ्याकडेच आणली असती शेवटचं घासून घ्यायला."

"तिच्या मुलीचं लग्न होतं ना?"

"पुढच्या महिन्यात. तुला नेमकं बोलावलंय."

मग मी तिला पिशवीचं सांगितलं. सिलिकॉनची पिशवी कातडीखाली बसवतात आणि छाती होते. बुनी एवढी हसली की तिला ठसका लागला. "अगं, सत्तरीच्या बाईला अठराची छाती! नाकापेक्षा मोती जड! बसवतेस तर दोन्ही बसव, समुद्रात पडलीस तर तरंगशील तरी." मग ठसका आवरून माझ्याजवळ सरकली. म्हणाली, "बसव बाई. माझी पाठ तुझ्यावाचून खाजते."

झालं. माझं ठरलं.

दूध मात्र कोमट होतं. ओक्सूच्या फ्रिजमधलं दूध दाताला कळ आणायचं. मालकीण विजेची कंजुषी करत असेल.

८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरशी पुन्हा बोलले. मुलगा भला आहे. एवढ्या माहितीचा भारा मी एकदम कधी उचलला नव्हता.

म्हणे, पिशवी जन्माची सोबतीण नाही. दहाबारा वर्षांनी बदलावी लागते, कधी आधीच. मी म्हटलं, तेवढं तर मीच टिकणार नाही. तो हसला नाही. म्हणे, पिशवी आतल्या आत फाटली तर बाहेरून पत्ता लागत नाही, म्हणून दर दोन वर्षांनी सोनोग्राफी. पूर्वी खरखरीत पिशव्या बसवायचे, त्यांच्यामुळे काही बायकांना भलताच निराळा कर्करोग झाला, म्हणून आता गुळगुळीत. शरीर पिशवीभोवती आपलं एक कवच विणतं. ते कवच कधी आवळतं आणि छातीचा दगड होतो. किरणं दिलेल्या अंगात हे फार. "तुमच्यासारख्या तिघींतली एक तरी परत येते आजी, पिशवी काढायला," तो म्हणाला.

"उरलेल्या दोघी?"

"त्या दर वर्षी भीत भीत तपासायला येतात."

मग म्हणाला की स्वतःचं मांस वापरलं तर सगळ्यात बरं. माझं पोट चिमटीत धरून पाहिलं, हाती नुसती कातडी आली. "पोटावर नाही. पण पाठीचा स्नायू वळवून पुढे आणता येईल. किरणांच्या जागी ताजं मांस आलं की पिशवीसुद्धा नीट बसते. मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं."

"पाठीवर खूण राहील?"

"हो. लांब. काही दिवस पाठ दुखेल, बधिरही राहील."

"मग नको."

त्याला काही कळेना. पाठ आपल्याला दिसत तरी कुठे, म्हणाला. मी म्हटलं, बाळा, पाठ माझी नाहीच, ती बुनीची आहे. पुढून काय वाटेल ते कर, मागे हात लावू नको.

निघताना त्याने माझ्या कानाशी येऊन सावकाश सांगितलं, "एक लक्षात ठेवा. तिथे जाणीव परत येणार नाही. दिसायला छाती, पण तुमच्यापुरती ती शेजारणीची. गरम-गार कळायचं नाही. भाजलं तरी कळायचं नाही. आणि सगळं भरून येईपर्यंत हमाम, वाफ, गरम पाण्याचं टाकं, काहीही नाही. मी सांगेन तेव्हाच."

शेजारणीची छाती! बुनीला सांगायला हवं.

मिहयांगला फोनवर सांगितलं. मिहयांग माझी एकुलती लेक, गिम्हेच्या शाळेत मुलांचा स्वयंपाक करते. ती कडाडलीच. "आई, कुणाला दाखवायचीय आता?"

"चारचौघींना."

"बाबा गेले, गाठ गेली, आता सुखाने बसायचं सोडून! अंघोळ मी घालते ना येऊन. मी नाही का पाठ घासू शकत?"

कसं सांगू तिला! लेक आईची पाठ घासते ती आई म्हातारी झाली म्हणून. बुनी घासते ती तिची घासून झाल्यावर आता माझा नंबर म्हणून.

१७ एप्रिल, बुधवार

पहिलं ऑपरेशन पार पडलं. आत आधी फुगवायची पिशवी ठेवलीय. तिच्यात थोडं थोडं मिठाचं पाणी भरत कातडी ताणायची, जागा झाली की खरी पिशवी. काखेतून एक नळी बाहेर, तिला बाटली. तीत लालसर पाणी साचतं. रंग बघून मला गंजाची आठवण झाली. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मिहयांगने लापशी भरवली. रागावली की ती बापासारखी चमचा दातांवर आपटते.

२५ मे, शनिवार

तिसऱ्यांदा पाणी भरून आले. कातडी ढोलासारखी ताणलीय आणि लाल झालीय. डॉक्टर नाम बोट दाबून बघत राहिला. "हळू जाऊ या," म्हणाला. त्याच्या कपाळावरच्या आठीचा अर्थ मी विचारला नाही. विचारलं की उत्तर येतं.

बुनी आली. चोईच्या मुलीचं लग्न अजून पुढच्या महिन्यातच. मी म्हटलं, हे लग्न आहे की क्षितिज? जवळ गेलं की पुढे सरकतं! बुनी म्हणाली, "कसलं लग्न?" आणि मग आम्ही दोघी हसलो. बोलण्यात तिला हरवेल असा माणूस बंदरात नव्हता, आजही नाही.

गच्चीवरून ओक्सूची चिमणी दिसते, वरून खाली नाव लिहिलेली. धूर दिसत नाही. हल्ली गॅस आलाय, धूर कुठून दिसणार.

२२ जून, शनिवार

उकाडा. बुनी लोकरीचा स्वेटर घालून आली. म्हणते, हमामातून निघाल्यावर वारा बाधतो. केस कोरडे खटखटीत होते. मी म्हटलं, आज डोक्यावरून घेतलं नाहीस का? तर माझ्याकडे बघून म्हणाली, "मिहयांगचे वडील पाळीवर गेले का गं? चप्पल दिसत नाही त्यांची." माणूस जाऊन अकरा वर्षं झाली! त्यांच्यावरून ती पूर्वीही मला असंच छळायची, मी पाठीत धपाटा घालायची. आजही घातला. हसलो.

१३ जुलै, शनिवार

बुनीच्या मुलाचा उल्सानहून फोन आला. तेग्यू नाव. लहानपणी माझ्या पाठीवर मुतलेला, आता मला 'मावशी, जरा समजून घ्या' म्हणतो.

"आई शनिवारी तुमच्याकडे येते का?"

"येते. हमामातून येते."

"हमामातून?" त्याने दोनदा विचारलं. मला वाटलं, याचेही कान गेले. मग म्हणाला, "मावशी, आईने परवा गॅस चालू ठेवला. पातेलं जळलं. मी तिला इकडे एका वृद्धांच्या इस्पितळात ठेवायचा विचार करतोय. तिथे बघायला माणसं असतात."

मी त्याला असं सोललं की बस! म्हटलं, पातेली माझीही जळतात. तुझ्या आईने फळीवर लोंबकळत तुला शिकवलं, आणि तू तिला गुरासारखी गोठ्यात बांधणार? नवीन वर्षापर्यंत थांब. माझी छाती तयार झाली की मी तिच्याबरोबर दर शनिवारी जाईन, माझी नजर राहील. तो म्हणाला, "कुठे जाल मावशी?" मी म्हटलं, ओक्सूला, आणखी कुठे! मग तो बरं म्हणाला. बोलणं ऐकून गार पडला बिचारा.

४ सप्टेंबर, बुधवार

खरी पिशवी आत गेली. दुसरी बाजूही जराशी वर उचललीय, जोडी जमावी म्हणून. भूल उतरताना मी म्हणे नर्सला विचारत होते, पाणी तापलं का.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज पट्ट्या निघाल्यावर घरी पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिले. मिहयांग मागे उभी होती. छाती आहे. बोंड नाही, आडवा व्रण आहे, जरा वर चढलेली आहे, डावी नवरीसारखी आणि उजवी नवरीच्या आजीसारखी. पण झाकून घ्यावंसं वाटावं असं काहीतरी आहे. मिहयांग रडली. मला म्हणाली, "छान झालंय आई." पहिल्यांदाच म्हणाली.

बुनीला दाखवली. तिने लहान मुलासारखं बोट लावून पाहिलं. "अय्या, कुणी दिली?" म्हणाली. मग तळहात ठेवला. "गार आहे गं. मेलेल्या माशासारखी गार."

खरंच गार असते. मला आतून काही कळत नाही, पण उजव्या हाताला लागते. थंडी वाढेल तशी ती आणखी गार होणार, डॉक्टर म्हणाला. पिशवीत रक्त थोडंच फिरतं. कवचही थोडं आवळतंय. पण असंच राहिलं तर नवीन वर्षात हमामात जा म्हणाला. गरम टाक्यात नाही, नुसतं बसायचं, अंगावर पाणी घ्यायचं, पाठ घासून घ्यायची. मला आणखी काय हवंय!

बुनीला म्हटलं, जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी. ती म्हणाली, "टाक्याच्या कडेची जागा धरून ठेवते."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज हिवाळ्याचं किमची, कोबीचं तिखट लोणचं, घातलं. मिहयांगने बजावलं होतं, आई, फक्त बसून सांग, उचलायचं काही नाही. पण खारवलेल्या कोबीला पाणी सुटून तो नरम पडला की तो कुणासाठी थांबत नाही. लेक बाजारात गेली तेवढ्यात मी दोन टोपल्या सरकवल्या. बुनी मदतीला आली होती. तिने मसाल्यात दोनदा मीठ घातलं, मी तिसऱ्यांदा घालता घालता पकडली. "म्हातारे, समुद्रच ओतून टाक की!" म्हटलं. ती रुसून बसली.

दुपारी हातपाय गारठले. छाती तर बर्फाची लादी. बुनी म्हणाली, "गार आहे ना? मग शेक. आपण काय करायचो गोदीतून आल्यावर? पोटावर पडायचं आणि जमिनीला चिकटायचं." खरं आहे. आमच्या दुखण्यांना औषध एकच, घरातली खालून तापवलेली जमीन. कंबर असो, सर्दी असो, सासूचं बोलणं असो, जमिनीवर शेकून काढायचं. डॉक्टरने हमाम नको म्हटलं होतं; घरची जमीन नको असं काही म्हटलं नव्हतं. जमिनीवरच्या विजेच्या चटईची धग वाढवली, पोटावर पालथी झाले. बुनी शेजारी पालथी. ऊब पाठीपर्यंत आली, डोळा लागला. मिहयांग आली तेव्हा म्हणे आम्ही दोघी पाटीवर वाळत घातलेल्या माशांसारख्या ओळीने पडलो होतो.

फार दिवसांनी एवढी गाढ झोप लागली.

३० नोव्हेंबर, शनिवार

छातीच्या खालच्या अंगाला फोड आलाय, तळहाताएवढा. दुखत काहीच नाही. दुखत नाही म्हणजे विशेष नसणार. कोरफड लावली.

बुनी आली. पाणी उकळतं होतं म्हणाली.

५ डिसेंबर, गुरुवार

फोड फुटला. खालची कातडी पांढरी, मग काळपट. मिहयांगने बघितलं आणि तिच्या हातातलं झाकण खाली पडलं. मला ओढत टॅक्सीत घातलं.

डॉक्टर नामने जखम पाहिली. हातमोजे घातले, काढले, पुन्हा घातले. मी म्हटलं, ओरडून टाक एकदा, मला ऐकू येत नाही म्हणून तू बोलत नाहीस की काय? तर मुलगा हळूच म्हणाला, "मी हमाम सांगितलं, वाफ सांगितली. चटई सांगायची राहिली." त्याचे डोळे भरले होते. मी त्याचा हात थोपटला. म्हटलं, तुझ्या आजीने सांगितलं असतं तुला, की आमची जमीन कशी असते. तो म्हणाला, "माझी आजीसुद्धा तशीच झोपते."

१३ डिसेंबर, शुक्रवार

ताप. सुयांतून औषध. काल पिशवी काढली. जळलेल्या कातडीतून ती बाहेर डोकावायला लागली होती, आणि किरणांची कातडी शिवून घेत नाही. टाका घातला की लोण्यासारखी सुटते. आता पाठीचं मांस आणून भोक बुजवायला लागेल का, ते बघतायत. म्हणजे पाठही जाणार का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाला, नाही, तेवढी वेळ येऊ देणार नाही. पण पुन्हा पिशवी नाही. कधीच नाही.

मला वाटलं होतं मी रडेन. पाहिलं तर मिहयांगच रडत होती, म्हणून माझं राहून गेलं.

२८ डिसेंबर, शनिवार

घरी आले. जखम आवळत आवळत मिटलीय, डावा खांदा पुढे ओढला गेलाय. आता तिथे सपाटही नाही, खड्डा आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा पीळसुद्धा जळला बहुतेक.

बुनी आली नाही. रस्त्यावर बर्फ नाही, काही नाही. फोन उचलत नाही.

५ जानेवारी, रविवार

विचार करकरून एवढंच हाती लागलं. वर्षभर मी ज्या दिवसाची वाट बघितली तो पुढच्या शनिवारी आहे. छाती नाही, पण पाठ तर आहे. खूण नसलेली, अख्खी. बघणाऱ्या बघोत. चोई घासणारीने काय कमी अंगं बघितलीत? बुनी मध्ये उभी राहिली तर तिच्या जिभेपुढे कुणाची बघायची छाती होणार नाही.

टोपली काढून धुतली. हिरवा पंजा इतक्या वर्षांत कडक झाला होता, भिजत घातला.

११ जानेवारी, शनिवार

गेले.

त्या गल्लीने इतक्या काळात पहिल्यांदा. कोपऱ्यावरचा न्हावी नाही. माशांचं दुकान आहे. वळले, चिमणी दिसली, नाव दिसलं, जीव भांड्यात पडला. मग खाली पाहिलं. चिमणीखाली हमाम नव्हता. पांढऱ्या रेघा मारलेलं मैदान आणि त्यात गाड्या. गाडीतळ. मी टोपली घेऊन उभीच.

गाडीतळाचा माणूस खोपटातून बाहेर आला. म्हणाला, "आजी, गाडी कुठेय?"

"इथला हमाम कुठेय?"

"तो? बंद होऊन तीन वर्षं होत आली. मालकीण वारली. चिमणी पाडायला फार कटकट म्हणून ती तेवढी उभी आहे." मग माझ्या टोपलीकडे बघितलं. "तुम्हीपण? दर शनिवारी आणखी एक आजी येते अशीच टोपली घेऊन. चिमणीला पाठ लावून बसते. मी खुर्ची देतो. मग तिथल्या दुकानातून दूध घेते आणि टेकडीवर जाते."

म्हणजे बुनीला सगळं माहीत होतं! मला आशा राहावी म्हणून दर शनिवारी थंडीवाऱ्यात, उन्हातान्हात इथे तासभर बसायची, मग येऊन पाणी उकळतं होतं म्हणून सांगायची. खोटं बोलायचं तर घरी बसून बोलता आलं असतं. तिने खोट्यालासुद्धा अंघोळीएवढा वेळ दिला. असं माणूस कुणाला लाभतं!

तेवढ्यात ती आलीच. पायात घरातल्या सपाता, दोन्ही वेगळ्या. मला बघून तिचं तोंड फुललं. "आलीस! चल चल, जागा धरलीय." मला हात धरून चिमणीपाशी नेलं. मला म्हणायचं होतं, बुनी, आता सोंग पुरे, मला कळलं. पण ती खुर्चीत उलटी बसली, माझ्याकडे पाठ केली आणि स्वेटर वर केला. आतली कातडी थंडीने शहारलेली. मणके मोजून घ्यावेत अशी वाळलेली पाठ. "घास," म्हणाली. "जोरात घास, आज गंज फार आहे."

मी स्वेटर खाली ओढला. पंजा हातात चढवला आणि स्वेटरवरूनच घासलं. मधल्या जागेवर, जिथे तिचा हात पोचत नाही. गाडीतळाचा माणूस तोंड फिरवून उभा राहिला.

"आता तू," ती म्हणाली. मी वळले, कोट सोडला. तिने घासायला हात पुढे घातला, तो घसरून माझ्या डाव्या बाजूला लागला. थांबला. कपड्यावरून तिने तो खड्डा चाचपला.

"माल्सून," ती म्हणाली, "अगं, तुझी छाती कुठे गेली?"

मी वळून तिच्याकडे पाहिलं. सोंग आणणाऱ्या माणसाचे डोळे मला माहीत आहेत. उभा जन्म मी तिचे सोंगाचे डोळे बघितलेत. हे ते नव्हते. "कधी झालं? मला कुणी कसं नाही सांगितलं?" म्हणत ती रडायला लागली, मी आत्ता, या क्षणी कापली गेल्यासारखी. गाठ निघाली तेव्हा इस्पितळात माझ्या खाटेशी सात रात्री बसली होती ती.

मी म्हटलं, "रडू नको. गर्दी आहे, लोक बघतायत." ती लगेच डोळे पुसून आजूबाजूच्या गाड्यांकडे बघायला लागली.

परत येताना दोन बाटल्या दूध घेतलं. कोमट. प्यायलो.

१६ जानेवारी, गुरुवार

तेग्यूला मी स्वतः फोन केला. काय बोलले ते लिहीत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

मिहयांगबरोबर उल्सानला जाऊन आले. इस्पितळ स्वच्छ आहे. जमीन गरम आहे. बुनी खिडकीशी बसली होती, केस मुलांसारखे कापलेले. मला 'ताई' म्हणाली. मी घोड्याच्या सालची, तीही घोड्याच्या सालची, म्हणजे एकाच वर्षी जन्मलेल्या, जन्मात कधी एकमेकींना ताई म्हटलं नव्हतं. ओळख पटावी म्हणून चोईच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. तिला काही आठवेना. उगाच मान डोलावली.

निघताना तिथल्या बाईला विचारलं, अंघोळ कशी घालता. म्हणाली, मंगळवारी, खुर्चीत बसवून, फवाऱ्याने. पाठ घासता का? "सगळ्यांचीच घासतो आजी, यंत्र आहे आमच्याकडे." मला खोलीसुद्धा दाखवली. भिंतीवर तेच ते, ओक्सूतलं असावं तसं, बटणवालं.

मिहयांग म्हणाली, घरी गेल्यावर मी घालते अंघोळ. मी हो म्हटलं. तिने पाणी बेताचं केलं, पंजा घेतला, आईला दुखू नये म्हणून अगदी हळू हळू फिरवला. चांगली मुलगी आहे. मधल्या जागेवर दोनदा हात गेला तिचा, पण तिला कळलं नाही की तीच ती. मी सांगितलं नाही.